जुनीं चर्मवाद्यें मढवितांना चामड्याची निवड
(धानोरा भागांतील एका वाद्यसंचाच्या निमित्तानें)

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहतां कारागिराच्या ओसरीवरचा आहे. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत त्यास जागा कां द्यावी, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. कागदपत्रें, नाणीं, ताम्रपट व शिलालेख यांच्या जतनाविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ज्या प्रदेशांत कागद फारसा झालाच नाहीं, तेथें इतिहासाचें साधन म्हणून जें कांहीं उरलें आहे त्यांत वाद्यांचा क्रम बराच वरचा लागतो. त्यांतहि चर्मवाद्यांची गोष्ट अशी कीं, त्यांचें खोड किंवा भांडें पिढ्यान् पिढ्या टिकतें, आणि ज्यावर प्रत्यक्ष हात पडतो तें चामडें मात्र दहा-वीस वर्षांत जातें. म्हणजे वाद्य वाजतें ठेवावयाचें असेल तर त्याचा अर्धा भाग बदलल्यावांचून गत्यंतर नाहीं. तो बदलतांना जें केलें जातें त्यावर साधन साधन म्हणून राहतें कीं नुसतें शोभेचें लांकूड होतें, हें अवलंबून असतें.

धानोरा हें गांव गडचिरोलीहून मुरुमगांवमार्गें राजनांदगांवाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सर्व मुलूख चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यांत मोडत असे. आणि रांगी, मुरुमगांव, दुधमाळा या जुन्या जमीनदाऱ्या याच भागांतल्या. येथें दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. एक गोंडांचा, रेला नाचाचा व पेनांच्या जत्रांचा. दुसरा झाडीपट्टींतील मराठी शेतकऱ्यांचा, दंडार, खडी गंमत व दिवाळीनंतरच्या मंडईचा. गांवच्या वाद्यसंचांत हे दोन्ही प्रवाह मिसळलेले दिसतात, आणि आम्हांस जो संच पाहावयास मिळाला तोहि तसाच होता: भाजलेल्या मातीच्या खोडाचा एक मांदर, लोखंडी पत्र्याच्या भांड्याचा एक नगारा, त्याची जोडीदार टिमकी, लांकडी कड्याचा एक डफ आणि एक खंजिरी. मांदराचें लहान तोंड फाटलेलें, मोठें शाबूत. नगाऱ्याचें व टिमकीचें चामडें नाहींसें झालेलें. डफाचें मध्यें चिरलेलें. खंजिरीचें मात्र जसेंच्या तसें. गांवकऱ्यांचें म्हणणें थोडक्यांत एवढेंच होतें कीं, मंडईपूर्वीं वाद्यें वाजतीं झालीं पाहिजेत. शहरांतल्या एका दुकानदारानें त्यांना सर्वांवर प्लॅस्टिकचा पडदा बसवून देण्याची तयारी दाखविली होती. एक वृद्ध गायता त्यास राजी नव्हता. तरुण मंडळी राजी होती. आमचें मत विचारलें गेलें तें या वादांत.

मत देण्यापूर्वीं एक गोष्ट ठरवावी लागते, आणि ती चामड्याच्या जातीहूनहि महत्त्वाची आहे. वाद्य वाजवावयाचें आहे कीं ठेवावयाचें आहे? ठेवावयाचें असेल तर नवें चामडें नकोच. फाटलेलें जुनें चामडें तसेंच राहूं द्यावें, दोऱ्यांचा ताण थोडा सैल करावा, आणि वाद्य ओल व प्रखर ऊन यांपासून दूर ठेवावें. वाजवावयाचें असेल तर नवें चामडें बसविणें हें वाद्याशीं अप्रामाणिकपणाचें मुळींच नाहीं; तें वाद्य ज्यांनीं केलें त्यांनीं तें बदलण्याच्या हिशोबानेंच केलें होतें. आम्हांस मधला मार्ग तेवढा मान्य नाहीं, तो म्हणजे वाद्य वाजणार नाहीं हें ठाऊक असतांना केवळ देखणें दिसावें म्हणून जुनें चामडें काढून पांढरें शुभ्र चामडें ताणून बसविणें. संग्रहालयांतून असें झालेलें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे.

हें लिहितांना आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. पूर्वीं एका नगाऱ्याचें कुजकें चामडें आम्हीं स्वतः कापून काढविलें व टाकून दिलें. नवें चामडें उत्तम बसलें. पुढें कांहीं वर्षांनीं त्या नगाऱ्याचें मूळ चामडें कोणत्या जनावराचें होतें, त्याची जाडी किती होती व तें कोणत्या पद्धतीनें आंवळलें होतें, हे प्रश्न निघाले, तेव्हां आमच्याजवळ एकाहि प्रश्नाचें उत्तर नव्हतें. भांडें बोलत नाहीं. चामडें बोललें असतें. केंस काढलेल्या चामड्यावरहि केंसांच्या मुळांचीं छिद्रें राहतात व भिंगाखालीं त्यांची मांडणी दिसते. वासराच्या चामड्यावर तीं बरीचशीं सारख्या अंतरावर पसरलेलीं असतात; बकऱ्याच्या चामड्यावर मोठीं व बारीक छिद्रें मिळून ओळी झालेल्या दिसतात. घोरपडीच्या कातडीवर तर खवल्यांची नक्षीच असते. काठावरचीं जुनीं भोंकें मोजलीं म्हणजे दोरी किती फेऱ्यांत ओवली होती तें कळतें. लेपाचे थर असतील तर वाद्य किती वेळां पुन्हा स्वरांत आणलें गेलें याचा अंदाज येतो. शेंदूर, हळद, धूर, तेल यांचे डाग वाद्याचा मान काय होता तें सांगतात. तेव्हां आमचा पहिला सल्ला असा कीं, जुन्या चामड्याचा सर्व बाजूंनीं फोटो घ्यावा, दोरीची गुंफण उलगडण्यापूर्वीं कागदावर काढून घ्यावी, काठाशीं जाडी मोजावी, आणि निघालेलें चामडें सुकें करून सुती कापडांत, वाद्याचें नांव लिहून, त्याच वाद्याबरोबर ठेवावें. याला खर्च नाहीं.

आतां निवडीकडे वळूं. कोणतें चामडें घ्यावें हा प्रश्न लोक सहसा आवाजाच्या दृष्टीनें विचारतात. जुन्या वाद्याच्या बाबतींत तो आधीं खोडाच्या दृष्टीनें विचारला पाहिजे, आणि त्याचें कारण साध्या भौतिकशास्त्रांत आहे. ताणलेल्या पडद्याचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: पडद्याचा व्यास, त्यावरील ताण, आणि त्याचें दर चौरस सेंटिमीटरला वजन. व्यास निम्मा केला तर स्वर दुप्पट उंच होतो. परंतु ताण चौपट केला तेव्हांच स्वर दुप्पट होतो, आणि वजन चौपट झालें तर स्वर निम्म्यावर येतो. यावरून निघणारा निष्कर्ष कारागिरांस अनुभवानें ठाऊक असतो, पण सांगितला क्वचितच जातो. जुन्या चामड्याच्या दुप्पट वजनाचें नवें चामडें बसविलें, तर पूर्वींचा स्वर मिळविण्यासाठीं ताणहि दुप्पट द्यावा लागतो, आणि तो सगळा भार खोडाच्या काठावर येतो. शंभर वर्षें एका भाराला सरावलेलें मातीचें खोड दुपटीच्या भारानें तडकतें. डफाचें लांकडी कडें तडकत नाहीं, पण वांकडें होतें. आणि एकदां वांकडें झालेलें कडें पुन्हा सरळ करणें सुताराच्याहि हातचें नसतें. शिवाय कच्चें चामडें ओलें बसवून वाळूं दिलें म्हणजे तें स्वतःहून आकसतें व हा ओढा जाड चामड्यांत फार मोठा असतो. म्हणून ‘जाड चामडें टिकाऊ’ ही बाजारांत ऐकूं येणारी शिफारस नव्या वाद्यास कदाचित् लागू असेल. जुन्या वाद्यास ती घातक आहे.

मांदरासाठीं म्हणून आम्हीं बकऱ्याचें चामडें सुचविलें. शाबूत राहिलेल्या मोठ्या तोंडाचें चामडें भिंगाखालीं पाहिलें तेव्हां तेंहि बकऱ्याचेंच निघालें, व काठाशीं त्याची जाडी सुमारें ०.६ मिलिमीटर भरली. तेव्हां नव्या चामड्याचें माप ठरविण्यास आम्हांस आधार मिळाला. ज्यांच्याजवळ जाडी मोजण्याचें साधन नाहीं त्यांना तराजू पुरतो. जुन्या सुक्या चामड्याचा, काठाबाहेर लोंबणारा, मोजक्या आकाराचा तुकडा व नव्या सुक्या चामड्याचा तेवढ्याच आकाराचा तुकडा सोनाराच्या तराजूंत घालावा. वजनें जवळजवळ सारखीं आलीं कीं निवड झाली.

नगाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचें भांडें लोखंडाचें, तोंड रुंद, व आवाज दूर पोंचावा ही अपेक्षा. काठीचा मार बकऱ्याचें चामडें फार दिवस सोसत नाहीं. नगारा पूर्वीं बैलाच्या किंवा रेड्याच्या चामड्यानें मढवीत. महाराष्ट्रांत १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमानें गाईच्या कत्तलीस बंदी झाली, व १९९५ मध्यें विधिमंडळानें संमत केलेल्या दुरुस्तीस २०१५ मध्यें राष्ट्रपतींची मान्यता मिळाल्यावर ती बंदी वळू व बैल यांनाहि लागू झाली. तेव्हां आतां नगाऱ्यासाठीं रेड्याचें किंवा म्हशीच्या पारड्याचें चामडें हाच सरळ मार्ग आहे. तें बैलाच्या चामड्याहून कांहींसें भरड व सच्छिद्र असतें; मांसाकडची बाजू नीट खरवडून पातळ केली म्हणजे काम देतें. पूर्ण वाढलेल्या रेड्याचें चामडें तसेंच बसवूं नये. टिमकीला मात्र बकऱ्याचेंच हवें. तिचें तोंड लहान, स्वर तीव्र, आणि ती बारीक काड्यांनीं वाजते; जाड चामड्यावर ती मुकी होते.

चामड्याच्या पुरवठ्याविषयीं आणखी एक गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकानें नजरेआड करूं नये. जुन्या काळीं चामडें ‘सहज’ मिळे असें वृद्ध लोक सांगतात. तें सहज मिळे कारण मेलेलीं गुरें ओढून नेण्याचें व सोलण्याचें काम गांवानें ठराविक जातींवर लादलेलें होतें. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथांत मध्यप्रांतांतील चामड्याचें काम करणाऱ्या जातींची माहिती आहे, पण त्यांतल्या एकाहि कारागिराचें नांव कोणत्या नगाऱ्यावर कोरलेलें आम्हीं पाहिलेलें नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९२७ च्या महाडच्या परिषदेपासून मृत गुरें ओढण्याचें काम सोडण्याचा उपदेश केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास धर्मांतर झालें, आणि लागलीच १६ ऑक्टोबरला चांद्यासहि दीक्षेचा समारंभ झाला. त्यानंतर या जिल्ह्यांत अनेक घरांनीं हें काम व सक्तीचें वाजविणेंहि सोडलें, तें योग्यच केलें. वाद्यें मुकी पडलीं म्हणून हळहळणाऱ्यांनीं हा हिशोब पुरा मांडावा. आज जो कारागीर चामडें कमावून देईल त्यास पुरी मजुरी द्यावी व त्याचें नांव, त्याची हरकत नसेल तर, वाद्याच्या आंतल्या बाजूस तारखेसह लिहावें.

खंजिरीनें आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लाविलें. या भागांत खंजिरीचा मान मोठा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचीं खंजिरीवरचीं भजनें विदर्भांत गांवोगांव पोंचलीं. १९४२ च्या ऑगस्टांत ज्या चिमूरचा उठाव झाला तें चंद्रपूर जिल्ह्यांतच आहे व महाराजांच्या भजनांचा त्या भागावरील प्रभाव सर्वश्रुत आहे. १९६८ मध्यें ते निवर्तले, पण भजनी मंडळें अद्याप चालूं आहेत. खंजिरी पूर्वीं पुष्कळदां घोरपडीच्या कातडीनें मढवीत. ही कातडी अतिशय पातळ, चिवट व एकसारखी असते. ओल्या बोटानें थोडी सैल केली म्हणजे तिच्यांतून खोल घुमारा निघतो. आमच्यापुढच्या खंजिरीवर तीच होती. खवले स्पष्ट दिसत होते.

घोरपड ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींतील प्राणी आहे. तिची शिकार करणें, कातडी विकत घेणें किंवा विकणें हा गुन्हा आहे, आणि ‘जुन्या वाद्यासाठीं’ ही सबब त्यांत बसत नाहीं. चितळ, सांबर, भेकर यांच्या कातड्यांचीहि तीच गोष्ट. तींहि संरक्षित प्राण्यांचींच. जंगलपट्टींत कोणी ‘एक तुकडा घरीं पडलेला आहे’ म्हणून पुढें करतो, तेव्हां तो चांगल्या हेतूनेंच करतो. तरी तो घेऊं नये. आधींपासून वाद्यावर असलेल्या कातडीचा प्रश्न निराळा आहे. असें वाद्य विकणें, भेट देणें किंवा जिल्ह्याबाहेर नेणें यापूर्वीं वनविभागास लेखी विचारावें. आम्हीं या खंजिरीस हात लाविला नाहीं. ती गांवांतच राहिली, व तिच्याविषयीं वनविभागास पत्र लिहावें असें ग्रामसभेस सुचविलें. भजनासाठीं दुसरी नवी खंजिरी बकऱ्याच्या पातळ चामड्याची करून घ्यावी. दक्षिणेंतल्या खंजिरावादकांनींहि बकऱ्याच्या चामड्याकडे व कृत्रिम पडद्याकडे वळण घेतलें आहे. आवाजांत फरक पडतो हें खरें. तो मान्य करावा.

आतां प्लॅस्टिकविषयीं. तरुण मंडळींचा आग्रह निराधार नव्हता. १९५७ सालीं अमेरिकेंत रेमो बेली यांनीं पॉलिएस्टरच्या पातळ पडद्यापासून केलेलीं वाद्यमुखें बाजारांत आणलीं, आणि कांहीं वर्षांतच पाश्चात्त्य ढोलांवरचें वासराचें चामडें बहुतेक हद्दपार झालें. हा पडदा सामान्यतः पाव मिलिमीटर जाडीचा असतो. तो ओल शोषीत नाहीं. म्हणून पावसांत सैल व उन्हांत कडक होत नाहीं. ज्या मुलखांत वर्षांतले चार महिने हवा पाण्यानें भरलेली असते व उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेथें हा गुण लहान नव्हे. वडशाहून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत उघड्यावर रात्र रात्र प्रयोग करतात. त्यांच्या वादकानें दंवांत भिजलेला डफ शेकोटीवर धरीत बसावें, असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांनीं प्लॅस्टिकचा नवा डफ खुशाल घ्यावा.

पण जुन्या खोडावर हा पडदा बसत नाहीं, आणि हें मत भावनेचें नसून मापाचें आहे. कारखान्यांतला पडदा धातूच्या कड्यांत पक्का बसविलेला व ठराविक इंचांच्या मापाचा मिळतो. हातानें केलेल्या मांदराचें तोंड एका बाजूस बोटभर अधिक, दुसऱ्या बाजूस कमी असें असतें. भिजलेलें चामडें त्या आकारावर स्वतःस बसवून घेतें. प्लॅस्टिक घेत नाहीं. तें बसविण्यासाठीं मग काठ तासला जातो, कधीं खोडांत खिळे मारले जातात, आणि तेथें साधन संपतें. हीच अडचण पाश्चात्त्य ढोलांतहि येते. १९५७ पूर्वींचीं पोलिसांच्या व लग्नाच्या बॅंडांचीं जुनीं ढोलकीं ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं पाहावें. त्यांचीं कांहीं खोडें आजच्या ठराविक मापाहून किंचित् मोठीं असतात, कारण त्यांवर वासराचें चामडें ओलें असतांना लांकडी कड्यावर गुंडाळून बसवीत. आजचा पडदा त्यांवर अडकतो. त्यांचाहि काठ तासूं नये. वासराचें किंवा बकऱ्याचें चामडें त्याच जुन्या कड्यावर पुन्हा गुंडाळून घ्यावें.

चामडें हातांत घेऊन कसें पारखावें याविषयीं थोडें सांगतों. हा विषय आपल्याकडे अति प्राचीन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत अवनद्ध वाद्यांच्या प्रकरणीं जीर्ण झालेलें, कावळ्यानें टोंचलेलें, चरबीनें बिघडलेलें, कुजलेलें, धुरानें व आगीनें दूषित झालेलें चामडें वर्ज्य सांगितलें आहे, आणि निवडलेलें चामडें रात्रभर थंड पाण्यांत ठेवावें असें म्हटलें आहे. दीड हजार वर्षांहून अधिक काळानंतरहि यांत फारसें बदलण्याजोगें नाहीं. चामडें सूर्याकडे धरावें. प्रकाश सर्वत्र सारखा यावा. गोचिडांच्या चाव्यांचीं वर्तुळें व सोलतांना लागलेल्या सुरीच्या रेघा उजेडांत लगेच दिसतात. मारा जेथें पडतो त्या मध्यभागीं अशी एकहि रेघ नको. पाठीच्या कण्याची रेघ मध्यावरून जाईल असें वर्तुळ कापावें, म्हणजे दोन्ही बाजूंस जाडी सारखी पडते. पोटाकडचा भाग सैल व असमान असतो, तो टाकावा. चरबीचा वास येत असेल तर चामडें नीट खरवडलेलें नाहीं, व असें चामडें उन्हाळ्यांत पिवळें पडून तडकतें.

चामडें कच्चें असावें, कमावलेलें नसावें, ही गोष्ट शहरांतल्या खरेदीदारास मुद्दाम सांगावी लागते. जोड्यासाठीं कमावलेलें चामडें मऊ व ताणलें जाणारें असतें; तें घुमत नाहीं. निळसर झांक असलेलें क्रोमचें चामडें तर कधींच घेऊं नये. मिठांत राखलेलें कच्चें चामडें मिळालें तर तें दोन-तीन पाण्यांत चांगलें धुवावें, कारण मीठ राहिलें तर तें हवेंतली ओल ओढीत राहतें व वाद्य दर पावसाळ्यांत रडतें. केंस चुन्याच्या पाण्यांत काढलेले चालतात. परंतु चुना मागाहून पुरता धुऊन गेला पाहिजे, नाहीं तर चामडें ठिसूळ होतें. लांकडाच्या खोडाचें वाद्य असेल तर शिवणीचें कीं बिज्याचें हें पाहून ठेवावें. दोन्हींवर चामडें सारखेंच बसतें, पण वाळवी शिवणींत अधिक लवकर शिरते असा आमचा अनुभव आहे.

बसविण्याची ऋतु हा या प्रकरणांतला खरा तंट्याचा मुद्दा झाला. पावसाळ्यांत चामडें वाळत नाहीं व त्यास बुरशी धरते. वैशाखांत तें इतकें झपाट्यानें वाळतें कीं काठ ओढला जातो. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. पण मंडई दिवाळीला लागूनच येते. गांवकऱ्यांनीं म्हटलें, ‘आतां नाहीं वाजलें तर मग वर्षभर कशाला?’ हें म्हणणें आम्हांस पटलें. तेव्हां टिमकी व डफ आश्विनाच्या शेवटीं, घरांत सावलींत, चार दिवस हळूहळू ताणत मढविण्याचें ठरलें. नगारा व मांदर मागें ठेवले. डफासाठीं चामडें तीन-चार तास भिजवून, आंतल्या कड्यावर वळवून, सुती दोरीनें आधीं अगदीं हलकें बांधलें. पहिल्या दिवशीं त्यावर सुरकुती पडूं नये एवढाच ताण. पुरतें वाळल्यावर मग समोरासमोरच्या घरांतून, एकदां या बाजूस व एकदां त्या बाजूस, ताण वाढविला. घाई करणारा मनुष्य एकाच बाजूनें ओढीत जातो, आणि कडें वांकडें होतें तें येथें.

नगाऱ्याला आवळण्यासाठीं म्हशीच्या चामड्याच्या वाद्या व तोंडाभोंवतीं वेळूचें कडें लागलें. वेळू या भागांत मुबलक. शेजारच्या मेंढा (लेखा) गांवास २००९ मध्यें सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, व २७ एप्रिल २०११ रोजीं वेळूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार तेथील ग्रामसभेच्या हातीं आला, हा इतिहास ताजा आहे. नायलॉनची दोरी आम्हीं वापरूं दिली नाहीं. ती न ताणणारी म्हणून चांगली असें सांगतात. पण ती घासून मातीच्या व लांकडाच्या काठावर चरे पाडते.

राहिला मांदराचा लेप. त्याच्या फाटक्या लहान तोंडावर मध्यभागीं काळ्या लेपाचें वर्तुळ होतें, आणि तरुणांतल्या एकानें विचारलें कीं, नवें चामडें घातल्यावर हा डाग कशाला हवा? याचें उत्तर सर चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं दिलेलें आहे. १९२० मध्यें शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकांत, व पुढें १९३४ मध्यें अधिक विस्तारानें, त्यांनीं दाखविलें कीं, साध्या पडद्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा बेसूर पटींत असतात, पण मध्यभागीं लेपाचा भार योग्य थरांनीं चढविला म्हणजे ते जवळजवळ २, ३, ४, ५ अशा पूर्ण पटींत येतात. म्हणूनच तबला-मृदंगाला ‘सूर’ असतो, नुसत्या डफाला तो नसतो. तबल्याच्या शाईंत लोहकिट्टाची भुकटी व खळ असते व ती कायमची असते. मांदरावरचा लेप गांवोगांव निराळा. या मांदराच्या जुन्या लेपाचा कण पाण्यांत विरघळवून पाहिला तेव्हां त्यांत बारीक काळी माती व भाताची खळ निघाली, लोखंड चुंबकास लागलें नाहीं. म्हणजे तबल्याची तयार पुडी आणून बसवावी ही सूचना, जी एका जाणत्या गृहस्थांनीं केली होती, ती येथें लागू पडत नव्हती. तिनें स्वर अधिक गोड झाला असता. पण तो या मांदराचा स्वर नसता. लेपाचा माणूस गांवांतच निघाला. गायत्याच्या घरच्या एका वृद्ध बाईंस माती कोणत्या ओढ्याची घ्यावयाची, ती किती दिवस मुरवावयाची व भात कोणत्या जातीचा, हें सर्व ठाऊक होतें. आजवर तिला कोणीं विचारलेंच नव्हतें. थर एकदम न देता बोटानें एकेक देऊन, प्रत्येक थर सुकल्यावर वाजवून पाहावा, हेंहि तिनेंच सांगितलें. तिनें सांगितलेलें सर्व आम्हीं शब्दशः उतरवून घेतलें आहे. तिची अनुमति मिळाल्यास तें स्वतंत्रपणें छापूं.

मंडईस टिमकी व डफ वाजले. नगारा मार्गशीर्षांत झाला. मांदराचें लहान तोंड पौषांत मढविलें, मोठ्या तोंडाच्या जुन्या चामड्यास हात लाविला नाहीं. तें अद्याप वाजतें, व तें फाटेपर्यंत तसेंच राहावें असें गायत्याचें व आमचें एकमत झालें. लहान तोंडाचें फाटकें चामडें कापडांत गुंडाळून, वर महिना व साल घालून, मांदराच्याच खुंटीला टांगून ठेवलें आहे.